पुलीवरचं हळदकुंकू

शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या अलीकडे माझं रंगाचं दुकान आहे. त्याला लागून भगीरथचं गॅरेज होतं. मी बोलका माणूस आणि शेजार मिळाला तो असा. सकाळी चहाला बोलावलं, तर हा कप घेऊन गाडीखाली शिरायचा. त्याच्या बायकोला, जनीला, मी विचारायचो की हा घरी तरी बोलतो का? ती म्हणायची, "बिघडलेली मोटरसायकल दारात आणून ठेवा, मग बघा कसा बोलतो."

यंत्रांचं वेड त्याला लहानपणीच लागलं, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात. घरी भात-नाचणीची शेती, पण पोराचा जीव गावातल्या भाताच्या गिरणीत. मोठी पुली, लहान पुली आणि दोघींवरून पळणारा पट्टा बघत बसायचा. पुढे मुंबईला शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका गॅरेजात त्याने बरीच वर्षं काढली. परत का आलास म्हटलं, तर म्हणाला, "तिथं गाडीचा मालक कदी दिसतच नाय." इथे वाशिंदच्या धर्माशेठनी रस्त्याकडेच्या आपल्या जागेत त्याला शेड घालू दिली. करार-बिरार काही नाही, सगळं तोंडी.

भगीरथचाही कारभार तसाच. काम झालं की गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचा, "कुरकुरली तर परत आण." परत आलेली गाडी निमूट पुन्हा खोलायचा. काढलेला जुना भाग मात्र मालकाच्या हातात दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मुलगी मनस्वी डिप्लोमा करून ठाण्याला एका परदेशी कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागली, तेव्हा त्याने पेढे आणले आणि न सांगता माझ्या दुकानातला पंखाही दुरुस्त केला. आनंद झाला की त्याला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं.

धर्माशेठचा मुलगा हर्षित त्याच कंपनीची लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. मला त्या गाडीचा रागच होता. आमच्या रस्त्यावर बैलसुद्धा बघून पाय टाकतो आणि हिचं पोट जमिनीला टेकलेलं. तिला सुपरचार्जर होता. म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि तो पट्ट्यावर फिरतो. पण एवढी ताकद हर्षितला पुरेना. त्याने कुठून तरी लहान पुली मागवली. पुली लहान झाली की पंखा जास्त जोरात फिरतो, हवा वाढते, गाडी आणखी पळते.

भगीरथने ती पुली हातात फिरवून बघितली. "गिरणीची पुली बारकी केली का भात झपाझप निघतो रे, पण त्याची कणी होते," तो म्हणाला. "हिच्या कंप्युटरला पण सांगाया लागंल का हवा वाढली. नायतर पेट्रोल कमी पडंल नि पिस्टन वितळंल. आनि वॉरंटी गेली समज. कंपनीनं विचारला तर खरा सांगाचा."

"कंप्युटरचं मी मुंबईत करून घेतो काका. तुम्ही फक्त पुली बसवा."

भगीरथने बसवली. जुनी पुली पुढे केली, तर हर्षित हात मागे घेत म्हणाला, "नको, घरी बाबांनी बघितली तर विचारतील. तुमच्याकडेच राहू द्या." अशी ती, तिच्या जुन्या पट्ट्यासकट, भगीरथच्या फळीवर राहिली. दुसऱ्याचा भाग ठेवून घेतलेला मी तिथे पहिल्यांदाच बघितला.

दसऱ्याला मनस्वी घरी आली. गॅरेजची पूजा दरवर्षी तीच करते. पाने, जॅक, हातोडे सगळे पुसून मांडायचे, त्यांना ओलं हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. पोरगी मोठी नेटकी, फळीवरच्या मोडक्या स्क्रूड्रायव्हरलाही वगळत नाही. पुली दिसली, तिलाही बोट लावलं. खाचाखाचांतून ओढलेलं ते बोट मी पाहिलं आणि म्हटलं, ही पुली आता तुमच्या घरचीच झाली. सगळे हसलो.

थंडीत एके दिवशी हर्षितची गाडी दुसऱ्या गाडीवर चढून आली. माळशेज घाटात भरधाव चढताना इंजिन बसलं होतं. मुंबईला जाऊन कंप्युटरचं काम त्याने केलंच नव्हतं.

"काका, जुनी पुली आणि जुना पट्टा परत बसवा," तो खाली बघत म्हणाला. "गाडी कंपनीत पाठवतो. वॉरंटीत नवीन इंजिन मिळेल. बाबांना कळलं तर मला घरात उभं करणार नाहीत."

त्याने जागेचा विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती. शेड कोणाच्या जमिनीवर उभी आहे ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. भगीरथने बोनेट उघडलं. मग त्याने फळीवरची पुली उतरवली, पेट्रोलच्या फडक्याने पुसली आणि बसवली. त्या दिवशी त्याने चहाही घेतला नाही.

गाडी मनस्वीच्याच वर्कशॉपमध्ये जाणार हे त्याला माहीत होतं. पण ती तिथे पुढच्या काउंटरवर बसायची, इंजिनाशी तिचा संबंध नव्हता. त्याला माहीत नव्हतं, नुकतीच तिची बदली वॉरंटीचे दावे तपासणाऱ्या विभागात झाली होती. ही आनंदाची बातमी ती रविवारी घरी येऊन सांगणार होती.

तिचा फोन आला तेव्हा भगीरथचे हात ग्रीसने भरलेले होते. त्याने फोन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवून मला स्पीकर लावायला सांगितला, म्हणून मी ते सगळं ऐकलं.

"बाबा, हर्षितदादाची गाडी आलीय. मीच तपासतेय." ती हळू बोलत होती. "कंप्युटरमध्ये हवेचा दाब वाढल्याचं दिसतंय, पण सेन्सरही बिघडलेला असू शकतो. आता पट्टा काढला, तर पुलीच्या खाचांत तळाशी पिवळं-लाल काहीतरी आहे. साहेब म्हणाले, कारखान्यातली रंगाची खूण असेल. मी वास घेतला, बाबा. हळद आहे."

भगीरथच्या हातातला पाना तसाच राहिला. बंद पडलेल्या इंजिनावर बसवलेली पुली पुन्हा एकदाही फिरली नव्हती. फिरती तर पट्ट्याने सगळं घासून नेलं असतं.

"दसऱ्याला मीच लावलेलं ना ते?"

भगीरथने पाना खाली ठेवला आणि तो फोनजवळ वाकला. 

"शेड त्यांच्या जागेत आहे, मला माहितीय," मनस्वी म्हणाली. तिचा आवाज आता रडवेला झाला होता. "तुम्ही म्हणालात तर मी रंगाची खूणच लिहिते. कोणी विचारणार नाही."

मी भगीरथकडे बघत होतो. तो शेडकडे बघत होता. एकेक पत्रा त्याने स्वतः चढवलेला.

"मने," तो म्हणाला, "ती पुली मीच काढलेली नि मीच परत बसवली. तसाच लिव. माजा नाव पण लिव."

"आणि जागा?"

"जागेचा मी बघतो. माज्यापायी तू खोटा लिवाचा नाय."

फोन बंद झाल्यावर तो टायरवर बसला. डोळे भरले होते, पण हात काळे म्हणून पुसता येईनात. "भाऊ," तो मला म्हणाला, "पोरीच्या हातचा कुंकू मी पेट्रोलनं पुसला. कशापायी पुसला? जागेपायी." मी दुकानातून कोरं फडकं आणून त्याच्या हातात दिलं. 

कंपनीने दावा नाकारला. धर्माशेठ येऊन गेले. भांडायला आले असते तर बरं वाटलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "पोराची चूक हाय, मला ठावा हाय. पन तू मला आदी सांगाया पायजे होतास. जागा आता मला पायजे." भगीरथने मान डोलावली, कारण त्यांचं खरं होतं.

माझ्या दुकानामागे थोडी मोकळी जागा होती. मी म्हटलं, रंगाचे डबे काही तुझ्याशी बोलायला येणार नाहीत, इथेच थाट मांड. पत्रे उतरवून तो मागे आला. मागची जागा रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी झालं. एक दिवस हर्षित मात्र वाट शोधत आला. स्वतःच्या खर्चाने त्याने इंजिन नवं करून घेतलं होतं, कंपनीच्या नव्या पुलीसकट. दसऱ्याची ती जुनी पुली त्याने टेबलावर ठेवली. "काका, ही टाकून देववेना," एवढंच बोलून तो निघून गेला.

यंदा दसऱ्याला मनस्वी आली. फोनवर ते बोलणं झाल्यापासून बापलेकींनी तो विषय काढलेला नव्हता. तिने पाने मांडले, जॅक मांडला, सगळ्यांना बोट लावत फळीपाशी आली आणि पुली बघून थांबली. ओलं हळदकुंकू तिच्या बोटावर तसंच राहिलं. तिने बापाकडे पाहिलं.

"तिला पण लाव," भगीरथ म्हणाला. "नि जरा जास्त लाव गो. पुसला तरी ऱ्हायाला पायजे."