शिपायाचा जबडा आणि बाबांची सुपारी

त्याचं नाक पिळून झालं होतं. आता दाढी ओढायची होती.

लाल डगला, काळी उंच टोपी, सोनेरी बटणं, पांढरीशुभ्र दाढी आणि चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य जबडा. पाठीमागे एक दांडा. दांडा उचलला की तोंड उघडतं. तोंडात अक्रोड ठेवायचा, दांडा खाली दाबायचा, अक्रोड फुटतो. नाताळ जवळ आला की आयर्लंडमध्ये दर दुसऱ्या दुकानाच्या काचेत हा लाकडी शिपाई उभा असतो. मी त्याच्या दाढीला क्लॅम्प लावला, मशीन चालू केलं आणि चहाचा घोट घेतला. दाढी टिकली.

मी खेळणी तपासते. होय, पगार घेऊन. डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमची टेस्टिंग लॅब आहे. खेळणं दुकानात जाण्याआधी आमच्याकडे येतं आणि आम्ही त्याचे हाल करतो. डोळे उपटून बघतो, हात पिरगाळतो, टेबलावरून पुन्हा पुन्हा खाली पाडतो. तुटून पडलेला तुकडा एका छोट्या धातूच्या नळकांड्यात टाकतो. हे नळकांडं म्हणजे लहान मुलाचा घसा असं समजायचं. तुकडा त्यात पूर्ण मावला, तर तो खऱ्या घशातही जाईल. खेळणं नापास. नागपूरला इंजिनिअरिंग करताना बाहुल्यांची नाकं पिळण्यात आपलं करिअर होईल असं वाटलं नव्हतं, पण मला हे काम आवडतं.

या शिपायाची गोष्ट इकडे सगळ्यांना पाठ असते. नाताळात एका मुलीला हा कुरूप लाकडी शिपाई मिळतो. जादूने तो जिवंत होतो आणि उंदरांशी लढतो. हरायला आला की ती मुलगी पायातली सपाता काढून उंदरांच्या राजाला हाणते. लढाई संपते. आणि मग राजपुत्र कोण होतं? शिपाई. म्हणजे काम एकीचं आणि प्रमोशन दुसऱ्याला. माझी मुलगी रेवा हिला ही गोष्ट सांगताना मी शेवट गाळते.

आमच्याकडे आलेले शिपाई नोरीनचे होते. नोरीनचं देशाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रली गावाबाहेर लाकडी खेळण्यांचं वर्कशॉप आहे. ती आणि तीन कामगार. डब्लिनच्या एका मोठ्या दुकानाने नाताळसाठी तिच्याकडून हे शिपाई मागवले होते, थेट खेळण्यांच्या विभागात ठेवायला. एवढी मोठी ऑर्डर तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. माल तयार होता, खोक्यांत भरून शेडमध्ये पडला होता. फक्त आमचा पासचा रिपोर्ट हवा होता.

"अनघा, तुला घाबरवायचं नाही," ती पहिल्याच फोनवर म्हणाली होती, "पण तिघांना मी सांगून ठेवलंय. हा माल गेला नाही, तर जानेवारीत वर्कशॉप बंद."

"मी सगळ्यांना सारखंच पिळते," मी म्हटलं.

"पीळ ना. माझी पोरं खमकी आहेत."

आणि होतीच खमकी. दाढी, नाक, बटणं, टोपी, रंग, काही हललं नाही. जबड्यात कवचासकट अक्रोड घालून कितीतरी वेळा फोडून पाहिले. टेस्ट प्लॅन म्हणजे कोणत्या वस्तूवर काय काय अत्याचार करायचे त्याची ठरलेली यादी. ती सगळी पूर्ण झाली. सोमवारी मी रिपोर्टवर सही करणार होते.

मध्ये शुक्रवार आला. हॅलोविनच्या सुट्टीआधी आमच्याकडे फॅमिली डे असतो. लोक मुलाबाळांना ऑफिस दाखवायला आणतात. मी रेवाला घेऊन गेले आणि नागपूरहून आलेल्या बाबांनाही.

आता बाबांविषयी. वीज मंडळातून रिटायर झालेला हा माणूस जेवणानंतर कातरलेली सुपारी तोंडात टाकल्याशिवाय बोलत नाही. इकडे येताना त्यांनी आपला जुना पितळी अडकित्ता हातातल्या बॅगेत ठेवला. नागपूर विमानतळावरच तो काढून घेतला. सुपाऱ्या मात्र आल्या, अख्ख्या, डबाभर. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या माझ्या घरात त्या फोडायला एकही साधन नव्हतं. त्यांनी लाटणं वापरून पाहिलं. मग दाराची फट वापरून पाहिली. दार आता नीट लागत नाही.

लॅबमध्ये माझा बॉस डेक्लन याने मुलांना दाखवायला काही खेळणी टेबलावर मांडली होती. त्यात नोरीनचा एक शिपाई होता. क्लायंट नेहमी जास्तीचे नग पाठवतात. हा त्यातलाच, एकही टेस्ट न झालेला, अगदी कोरा. मी एका सहकाऱ्याच्या बायकोशी बोलत होते.

"हे काय व्हय वं, अनघा?" बाबांनी मागून विचारलं.

"अक्रोड फोडायचा शिपाई आहे, बाबा."

"म्हणजे अडकित्ताच नं?"

"हो, तसंच काहीतरी," मी मान न वळवता म्हटलं.

"मग इतके दिवस सांगतलं काहून नाही? मी तिकडं दारात सुपाऱ्या फोडून राह्यलो!"

मी वळेपर्यंत सुपारी शिपायाच्या तोंडात गेली होती आणि बाबांनी दोन्ही हातांनी दांड्यावर भार टाकला होता. कडाड असा आवाज झाला. सुपारी जशीच्या तशी राहिली. शिपायाचा जबडा दोन तुकडे होऊन टेबलावर पडला आणि पुढचे दात फरशीवर घरंगळत गेले.

"कमजोर माल आहे बाप्पा," बाबा म्हणाले.

डेक्लन धावत आला. "युवर मॅनला काय झालं?" आयर्लंडमध्ये कुणाही तिसऱ्याचा उल्लेख 'युवर मॅन' असाच करतात. तो शिपायाबद्दल विचारत होता. बाबा पुढे झाले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी वीक जॉ, सर."

डेक्लन हसला. "ग्रँड. काही बिघडलं नाही. अजून दोन नग आहेत आपल्याकडे."

मी मात्र वाकून दातांचा तुकडा उचलला. सवयीने नळकांड्यात टाकला. तो अलगद आत गेला, कडेला घासलासुद्धा नाही.

"डेक्लन, हे बघ."

त्याने पाहिलं. त्याचं हसू गेलं. पण तो बॉस होता. "ही टेस्ट नाही, अनघा. हे तुझे वडील आहेत. टेस्ट प्लॅनमध्ये तुझे वडील नाहीत."

"अक्रोड आधी फुटतो म्हणून जबडा वाचतो. न फुटणारं काही घातलं की जबडा जातो. पोरं काहीही घालतील त्यात."

"सुपारी घालतील? आयर्लंडमधली पोरं?"

रेवा हे सगळं बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने जॅकेटच्या खिशात हात घातला आणि एक तपकिरी, चकचकीत कॉंकर बाहेर काढला. कॉंकर म्हणजे इकडच्या एका झाडाचं टणक बी. शरद ऋतूत आयर्लंडमधल्या एकूण एक पोराचा खिसा त्यांनी भरलेला असतो. दोऱ्यात ओवून एकमेकांचे फोडण्याचा खेळ खेळतात.

"वुड ही डू अ कॉंकर?" तिने विचारलं. शिपाई कॉंकर फोडेल का?

डेक्लनने डोळे मिटले. त्याला स्वतःला तीन मुलं आहेत.

परतताना गाडीत, एअरपोर्टच्या जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "त्या बाईचं नुकसान झालं काय वं माझ्यानं?"

"नाही बाबा. तुमच्यामुळे एखाद्या लेकराचा घसा वाचला असेल."

"मले तं सुपारी पाह्यजे होती," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

सोमवारी डेक्लनने घरून मुलाचा गेल्या वर्षीचा कॉंकर आणला, वाळून खडक झालेला. मी पार्किंगमधून एक गोटा उचलला. उरलेल्या दोन शिपायांच्या तोंडात एकेक घातला. दोघांचे जबडे मोडले, दोघांचे दात नळकांड्यात मावले. डेक्लनने एक शब्द उच्चारला तो इथे लिहिता येणार नाही. मग म्हणाला, "फोन तू कर."

"नापास?" नोरीन ओरडली. "शुक्रवारी तर सगळं ठीक होतं!"

"शुक्रवारी दुपारी नव्हतं."

"दगड कोण घालतं शिपायाच्या तोंडात?"

"माझ्या वडिलांनी सुपारी घातली."

मग तिने थंडपणे विचारलं, "तुझ्या वडिलांचं वय काय?" मी सांगितलं. "आणि खेळणं कोणत्या वयासाठी आहे?"

"नोरीन, तू रागाव. पण सही माझी आहे. मी करणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती ट्रलीहून गाडी चालवत आली. उंच, खांद्याने रुंद बाई. अंगातल्या कोटावर लाकडाचा भुसा. मी तुटलेले जबडे तिच्यासमोर ठेवले. भांडायच्या तयारीनेच आली होती. तिने एक तुकडा उचलला, खिडकीकडे नेला, मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खुर्चीत बसली.

"रेषा आडव्या गेल्यात," ती म्हणाली.

लाकडात रेषा असतात. रेषांच्या लांबीने कापलेला तुकडा दणकट असतो. आडवा कापलेला बिस्किटासारखा मोडतो. सगळे जबडे आडवे कापले गेले होते.

"लाकूड वाया जाऊ नये म्हणून फळीवर मीच तसे आखले," ती म्हणाली. "मीच." सगळे जबडे नव्याने कापायचे, घासायचे, रंगवायचे म्हटलं तर नाताळ उलटून गेला असता. ते तिला सांगायची गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं. माझ्यासमोर एका बाईचं वर्कशॉप बंद होत होतं आणि माझ्या हातात फक्त एक नळकांडं होतं.

आमच्या धंद्यात एक कडक नियम आहे. लॅबने उपाय सुचवायचा नाही. परीक्षकाने उत्तर सांगितलं की परीक्षेला अर्थ उरत नाही, शिवाय नोकरी जाते ती वेगळी. डेक्लन दारात उभा राहून ऐकत होता. मी शब्द जपून वापरले.

"नोरीन, मी तुला काही सुचवू शकत नाही. फक्त आमची पद्धत सांगते. ज्या तोंडात काही जातच नाही, त्या तोंडात मला दगड घालता येत नाही."

मग तिने शिपाई हातात घेतला, पाठीमागचा दांडा हलवला, आणि दांड्याच्या मागे बोट धरलं. तोंड उघडता उघडता अडलं. एवढीशी फट, तांदळाचा दाणा जेमतेम जाईल.

"इथे एक खुंटी मारली तर," ती स्वतःशीच म्हणाली. "शिपायामागे एक खुंटी. आम्ही चौघं मिळून करू शकतो." मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे अक्रोड फोडणारा शिपाई, जो अक्रोड फोडत नाही."

"हो."

"मग तो आहे तरी कोण?"

"पास," मी म्हटलं.

ती हसली नाही. मीही नाही. डेक्लन दारातून निघून गेला. आपण काही ऐकलंच नाही, हे दाखवायची त्याची ती पद्धत आहे.

पुढच्या आठवड्यात खुंटी मारलेले नवे नग आले. मी त्यांना मुळापासून पुन्हा पिळलं. तोंडात कॉंकर गेला नाही, गोटा गेला नाही, वाटाणासुद्धा गेला नाही. खोक्यावरचं 'खरे अक्रोड फोडतो' हे वाक्य नोरीनने काढून टाकलं. मी सही केली आणि माल वेळेत डब्लिनला पोचला. डिसेंबरात तिचा फोन आला. वर्कशॉप चालू होतं, तिघंही कामावर होते, आणि दुकानाने पुढच्या वर्षीचीही ऑर्डर दिली होती.

"पण मी खरे शिपाईही करायला घेतलेत," ती म्हणाली. "उभ्या रेषांचे. किचनच्या विभागासाठी, मोठ्या माणसांना. ते खेळणं नाही, त्यामुळे तुझ्याकडे पाठवणार नाही."

"पाठवूच नकोस," मी म्हटलं. "ते फोडतात?"

"दगडसुद्धा." तिच्या आवाजात असा आनंद मी आधी ऐकला नव्हता.

नाताळच्या आधी मी रेवाला घेऊन त्या दुकानात गेले. खेळण्यांच्या विभागात नोरीनचे शिपाई रांगेने उभे होते. लोक उचलत होते, वाहवा करत होते, बास्केटमध्ये टाकत होते. मला उगाच आईसारखा अभिमान वाटला. रेवाने एक उचलला, दांडा ओढला. पुन्हा ओढला. तोंडात करंगळी घालून पाहिली. गेली नाही.

"आई," ती वैतागून म्हणाली, "ही डझन्ट डू एनीथिंग."

"म्हणूनच तर तो इथवर पोचला, बाळा," मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही. माझ्याइतकी वर्षं नोकरी केल्यावर कळेल. जो खरंच काही फोडायला जातो, त्याचं आधी स्वतःचं काहीतरी मोडतं, आणि मग त्याच्यावर रिपोर्ट लिहिला जातो. जो चांगला डगला घालून, दात दाखवून नुसता उभा राहतो, त्याला सगळे पास करतात. सही करणारी मीच असते.