आमचे ड्रम, मालनचा सुनील

उभा जन्म एका कंपनीत गेला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते अंगाला चिकटून घरी येतात, रसायनाच्या वासासारखे. कितीही साबण लावा. मी आणि मालन, दोघी मांडवगण फराट्याच्या. कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला लागलो तेव्हा आमची कंपनी म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि एक टाकी. आज तिचा माल देशोदेशी जातो. ती कशी वाढली हे साहेब लोक सभेत सांगतात. मी सांगते ते सभेत सांगत नाहीत.

*

पहिला दसरा. दौंडहून भटजी आणले. वॉचमननं गेटवरच त्यांची काडेपेटी काढून घेतली. आत सॉल्व्हंट भरलेलं, एक ठिणगी पडली तर शेडसकट आम्ही सगळे वर गेलो असतो. भटजी अडून बसले. "दिव्याशिवाय पूजा होत नसते."

थोरले साहेब, म्हणजे आमचे मालक, घामाघूम. मालन पुढं झाली, सुपरवायझरच्या हातातली बॅटरी घेतली, ताम्हनात ठेवली आणि बटण दाबलं.

"करा आरती. वारं आलं तरी इझायची न्हाई."

पुढं सेफ्टी ऑफिसर आला. त्यानं तीही बॅटरी बाद केली, तिच्यातही ठिणगी उडते म्हणे. तेव्हापासून आमच्याकडं देवाला ठिणगी न उडणाऱ्या, फ्लेमप्रूफ बॅटरीनं ओवाळतात. मी बौद्ध, आरतीशी माझा संबंध नाही. पण खोबऱ्याचा वाटा मी एकदाही सोडला नाही, आणि द्यायला उशीर झाला तर ऐकवलंसुद्धा.

*

शाळेचं तोंड मी बघितलं नाही. इंग्रजी अक्षरं ड्रमवर शिकले. मला शिकवलं म्हणणारा कोणी असेल तर समोर यावा. स्टेन्सिल धरायचा, काळा रंग मारायचा, अक्षर उमटलं की बोटानं गिरवायचं. आधी कापडाच्या रंगाचं रसायन होतं, तेव्हा ड्रमवर मुंबई असायची. रिकामे ड्रम परत यायचे, धुऊन आम्ही पुन्हा भरायचो. मग औषधाचं रसायन आलं, साबणाच्या वासाचं आलं, आणि ड्रमवर देशांची नावं आली.

मालननं एकदा विचारलं, "आक्का, हे ब्राझील सोलापूरच्या पुढं किती?"

"ड्रम गेला की परत येत न्हाई, एवढं."

ती हसत सुटली. रंगाचा ब्रश तिच्याच लुगड्याला लागला.

*

रसायनवाल्यांना एक खोड असते. कुठंही गेलं की आधी वारा बघायचा. कंपनीच्या छतावर केशरी कापडाची लांब पिशवी फडकत असते. गॅस सुटला तर ती बघून वाऱ्याला आडवं पळायचं, हे आमच्या हाडात बसलेलं.

कोरेगाव भीमाला माझ्या भाचीचं लग्न होतं. कंपनीची सगळी माणसं आली आणि मांडवात एकाच बाजूला दाटीनं बसली. दुसरी बाजू मोकळी. नवऱ्यामुलाकडच्यांना वाटलं, आम्ही रुसलो. मुलाचे वडील हात जोडून मालनच्या सुनीलपुढं आले. सुनील म्हणजे तिचा एकुलता एक. बाप लवकर गेला, मालननं ड्रम ढकलत वाढवला, आणि आता तो आमच्याच कंपनीत ऑपरेटर.

"आमचं काय चुकलं का?"

"न्हाई ओ मामा. आचाऱ्याच्या भट्टीचा धूर तिकडं चाललाय. तुमीबी हिकडंच या की."

ते आले. त्यांच्या मागं त्यांचं सगळं वऱ्हाड आलं. धुरात राहिले फक्त नवरा-नवरी.

*

मग कंपनीचा प्लांटच ब्राझीलला ठरला. थोरल्या साहेबांची मुलगी आता कारभार बघते, तिला सगळे ताईसाहेब म्हणतात. तिनं रिअ‍ॅक्टर चालू करून द्यायला आणि तिथल्या पोरांना शिकवायला सुनीलला निवडलं. दोन-तीन वर्षांचं काम. सुनीलचे पाय जमिनीला लागेनात. मालन भाकरी थापायची, वाढायची, बोलायची नाही.

ताईसाहेब स्वतः मालनच्या खोलीवर आल्या, खाली फरशीवर बसल्या. "मावशी, कंपनी वाढली तर सुनीलचंही भलंच होईल."

"वाढू द्या की. तुमचे प्लांट लई हायेत. माझा एकच हाय."

ताईसाहेब चहा पिऊन निघून गेल्या.

मी शेजारीच राहते, भिंतीला भिंत. जाऊन तिला झाडलं. "पोराच्या वाटंत आडवी येऊ नकोस."

ती म्हणाली, "तूच म्हणली व्हतीस, ड्रम परत येत न्हाई."

मी कोणाचं ऐकून घेत नाही. तिचं ऐकून घेतलं.

*

निघायचा दिवस आला. मालन हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. सुनीलनं ताईसाहेबांना बजावलं होतं, आई जा म्हणाली तरच जाईन.

आमच्या कंपनीत पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर यायला पाहिजे. कुठला व्हॉल्व्ह किती उघडा, काय तापलंय, काय बिघडलंय, हे सगळं त्याला तोंडानं सांगून चार्ज द्यायचा. तोवर जागा सोडायची नाही, आणि तेवढ्या थांबण्याचाच ओव्हरटाइम मिळतो.

गाडी दारात उभी. मालन उंबऱ्यात पाय आडवा टाकून बसलेली. सुनील तिच्या पाया पडला.

"आई, निघू?"

"तुजा रिलीव्हर कुठं हाय?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, पुन्हा दिला नाही. मग मालनचा पाय ओलांडून मी आत गेले आणि सुनीलसमोर उभी राहिले.

"सांग चार्ज."

तो हळूहळू ताठ झाला.

"बीपीची गोळी सकाळी. घेतली म्हणती आन् उशीखाली ठेवती. गुडघा दुखला तर सांगत न्हाई, भांडी आपटती. त्यावरनं वळखायचं."

"आणि?"

"फोन उलटा धरती. सरळ करून द्यायचा."

"आणि?"

"एकटी जेवत न्हाई, आक्का."

"चार्ज घेतला," मी म्हटलं.

मालननं पाय बाजूला घेतला.

"मग आता कशापायी थांबलास? ओव्हरटाइम मिळायचा न्हाई."