राणीसाहेबांचे सुळे

दातांच्या लॅबमध्ये सगळे तिला राणीसाहेब म्हणत. काम मात्र राणीचं नव्हतं. प्लॅस्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, तयार कवळी घासून गुळगुळीत करायची. नाव पडलं ते टीव्हीवरच्या लांडग्यांच्या राणीवरून. त्या मालिकेचं तिला खूळच होतं. कपावर राणी, फोनवर राणी, आणि शनिवारी सकाळी नवा भाग पाहिल्याशिवाय अन्नाचा कण पोटात जायचा नाही.

"तिशी आली, अजून लांडग्यांच्या मागे धावतेय," आई म्हणायची. पण भाग सुरू झाला की भाजी निवडायला तिला नेमकी तीच खोली लागायची.

चाहत्यांचा दरवर्षी मेळावा भरे आणि त्यात वेशभूषेची स्पर्धा असे. मागच्या वर्षी राणीचं वाक्य अर्ध्यावर असताना बाजारातून आणलेले सुळे परीक्षकांपुढे टपकन पडले आणि हसं झालं. यंदा तिने मालकांना विचारून, काम आटोपल्यावर थांबून, स्वतःच्या तोंडाचा साचा घेऊन सुळे घडवले. ते वाक्य एकदा चारचौघांत पुरं म्हणायचं, एवढाच ध्यास.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्याचा माणूस एक कवळी न्यायला आला.

"राणीसाहेब, आजच्या भागात लांडगे पोचले का हो वेळेवर?"

त्याने विचारायचा अवकाश, ही सुटली! लांडगे डोंगर उतरेपर्यंत टेबलावरच्या दोन सारख्या पांढऱ्या डब्यांपैकी एक तिच्या हातून त्याच्या पिशवीत गेलीसुद्धा.

रविवारी सभागृहामागच्या खोलीत, झगा चढवून, कपाळाला राखाडी रंग फासून तिने आपली डबी उघडली. आत एक सोज्वळ कवळी. पुढचा एक दात किंचित तिरका. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने आपला जुना फोटो पाठवून तो तसाच मागितला होता. जन्मभर हसू तसंच होतं ना!

तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. "अहो, बाईंसाठी खास सुट्टीचा दवाखाना उघडलाय. दुपारी त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला येणार. आणि तुम्ही हे काय पाठवलंय? हे लांडग्याला बसेल!"

"आता तुझं नाव पुकारतील गं," झग्याचं टोक सावरत आई कासावीस झाली.

"आई, त्या बाई तोंडावर हात ठेवून बसल्या असतील."

आईने एकदा मंचाकडे पाहिलं. "मग उभी काय राहिलीस? टॅक्सी बोलाव. आणि ती शेपूट दारात अडकवू नकोस."

दवाखान्यात बाई खुर्चीत बसून सुळे उजेडात धरून न्याहाळत होत्या. "काम सुरेख आहे," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "हे शाळेत असताना मिळाले असते, तर छडी लागली नसती."

कवळी एका बाजूला टोचत होती. डॉक्टर घासत होते, पुन्हा बसवून पाहत होते. मध्येच मेळाव्यातून मैत्रिणीचा फोन आला, "तुझं नाव दोनदा पुकारलं गं. संपली स्पर्धा." राणीसाहेबांचा चेहरा पडला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. आईने एका दमात सगळं सांगून टाकलं. "वर्षभर एक वाक्य घोकतेय हो ही. वर्षभर!"

"सवय होईपर्यंत रोज मोठ्याने वाचा," डॉक्टर बाईंना सांगत होते आणि टेबलावरचं मासिक पुढे करत होते. बाईंनी ते बाजूला सारलं.

"हे कोण वाचणार? मी हिचं वाक्य म्हणेन. पण आधी तू. सुळे लाव, ताठ उभी राहा."

तिने सुळे बसवले, छाती भरून श्वास घेतला. "सात शिखरांवर सावली माझी! सूर्यसुद्धा माझ्या संमतीनेच सरतो!"

सुळे जागचे हलले नाहीत.

"शेवट खाल्लास," बाई म्हणाल्या. "आता मी." आणि पहिल्याच 'सात'ला त्यांच्या नव्या दातांतून अशी झकास शिट्टी निघाली की डॉक्टरसुद्धा पाठमोरे होऊन हसले.

"हसताय काय? पुन्हा. दोघी मिळून."

तिसऱ्यांदा वाक्य शिट्टीशिवाय पार पडलं. बाईंनी आरशात तिरका दात पाहिला, समाधानाने मान हलवली आणि कोपऱ्यातल्या बाकाकडे वळल्या.

"तुम्हीसुद्धा या हो इकडे. तुमचे ओठ मघापासून हलताहेत, मला दिसतंय."

आई लाजली, पर्स खाली ठेवली आणि लेकीशेजारी येऊन उभी राहिली.