बायोटेकचा हप्ता आणि अमरावतीचे पाहुणे

उन्हाळ्यात मला बघायला अमरावतीहून पाहुणे आले होते. आमच्या अकोल्याच्या घरी, रविवारी सकाळी. मुलगा, त्याचे आईवडील आणि धाकटी बहीण.

मी एमएस्सी बायोटेक. पुण्याच्या एका प्रायव्हेट कॉलेजातून, एज्युकेशन लोन काढून केलेली. आता इथेच एका बियाण्यांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे... बी उगवतं की नाही, शुद्ध आहे की नाही, ते तपासायचं काम.

मामांनी आधीच बजावलं होतं, लोनचं काई सांगू नको वं, नंतरचं नंतर पाहू. मी हो म्हटलं. पण मुलाच्या वडिलांनी सरळच विचारलं, हातात किती येते? मी सांगितलं, बावीस हजार. आणि मग का कोण जाणे, पुढचंही सांगून टाकलं... त्यातले साडेनऊ हजार लोनच्या हप्त्याला जातात, आणि अजून सहा वर्षं जातील.

मामा पंख्याकडे बघत बसले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मंग लग्नानंतर हप्ता कोन भरन?" मी म्हटलं, मीच भरेन. त्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. पोहे छान झाल्याचं मात्र सांगून गेले.

आठवड्याभरात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. गंमत म्हणजे, पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

बाबा दोन दिवस माझ्याशी फार बोलले नाहीत. रागावले नव्हते. लोनच्या कागदावर सही त्यांचीही होती ना... ते त्यांना लागलं होतं.

मग एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'ताई, मी श्रावणी. नंबर तुमच्या बायोडेटावरून घेतला. त्या दिवशी आईशेजारी बसले होते.' म्हणजे मुलाची बहीण! तिची बारावी झाली होती, नीटमध्ये मार्क कमी पडले होते. आता पुण्याला बीएस्सी बायोटेक घ्यायचं चाललं होतं. फी आणि हॉस्टेल मिळून आठ-नऊ लाखांचं लोन. क्लासमध्ये सगळे म्हणत होते, खूप स्कोप आहे. पण स्कोप म्हणजे महिन्याला किती, हे कुणीच सांगत नव्हतं. 'आकडा सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या भेटलात,' असं तिने लिहिलं होतं.

खरं सांगते, मला रागच आला. माझ्या लोनपायी नकार देणाऱ्या घराला आता लोनचा सल्ला माझ्याकडूनच हवा होता. मी उत्तर दिलं नाही. पण ती पोरगी डोक्यातून जाईना... सही करण्याआधी मलाही असं कुणाला तरी विचारायचं होतं, आणि तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं.

शेवटी तिला कळवून एका रविवारी एसटीने अमरावतीला गेले. श्रावणीच्या क्लासजवळच्या ज्यूस सेंटरवर भेटायचं ठरलं होतं. बघते तर ती एकटी नव्हती. सोबत तिची आई.

शहराबाहेर त्यांची फुलांची शेती आहे, सकाळचा माल बाजारात देऊन काकू तशाच आल्या होत्या. त्या नुसत्या मान खाली घालून बसल्या. मग मी श्रावणीशीच बोलायला लागले. शिकत असतानाही व्याज वाढत राहतं. पास झाल्यावर नोकरी मिळायला मला जवळपास वर्ष लागलं. आणि नुसत्या बीएस्सीवर लॅबमध्ये सुरुवातीला माझ्याहूनही कमी मिळतं, एमएस्सी करावीच लागते.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती सांगितली. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण इथेच, अमरावतीला शिकली. अगदी थोड्या फीमध्ये. आमचं काम सारखं आणि पगारही सारखा.

श्रावणीने हे सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमाले पस्तावा होते का?"

मी विचार करून सांगितलं, विषय पुन्हा हाच घेईन. घराजवळ राहून घेईन.

तेव्हा कुठे काकू बोलल्या. "पत्रिकेचं खोटं होतं बाई. आमी त्या हप्त्यापायीच नाई म्हनलं." जरा थांबल्या, पोरीकडे बघितलं. "अन् इकडे मायाच पोरीच्या डोक्यावर तोच हप्ता ठेवून राहिलो होतो आमी. उद्या ते बी तुमच्यासारखीच कोनाच्या घरच्यापुढं बसली असती... हे मले दिसलंच नाई."

माझे डोळे भरून आले. ज्यूसचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत, बसमध्ये जागा मिळेपर्यंत स्टँडवर थांबल्या.

त्या घरी माझं लग्न काही जमलं नाही. तसं ते जमावं म्हणून मी गेलेही नव्हते. श्रावणीने अमरावतीतच बीएस्सीला ॲडमिशन घेतली. एमएस्सीच्या वेळी लोन लागलंच तर तेव्हा बघू, असं तिच्या घरी ठरलं.

काल दुपारी मी लॅबमध्ये असताना तिचा फोटो आला. मायक्रोस्कोपच्या भिंगावर मोबाईल धरून काढलेला, अर्धा अंधुक. खाली लिहिलं होतं, 'ताई, कांद्याच्या मुळातल्या पेशी! एक तर मधोमध दुभंगून राहिली, खरंच दिसते!'

काम बाजूला ठेवून तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले. पहिल्यांदा पेशी दुभंगताना पाहिली तेव्हा मीही अशीच वेडी झाले होते... या पोरीला ते वेड कर्जाशिवाय मिळालं, याचं कालपासून फार बरं वाटतंय.