पहिलं काय दिसलं?

लेले खुर्चीत बसल्या बसल्या डोळे गच्च मिटायचे, मग एकदम उघडून कॉम्प्युटरकडे बघायचे आणि ओरडायचे, "आकडा!" पुन्हा मिटायचे, पुन्हा उघडायचे. "हुकूम!" बेलपाड्यातल्या आमच्या घराच्या माडीवर ते भाड्याने राहायचे. खाली ओट्यावर बसलेल्याला वाटावं, वर कुणाचं तरी डोकं फिरलंय. मला तसंच वाटलं. माझी बायको यमुना मात्र चहा घेऊन वर गेली ती बऱ्याच वेळाने खाली आली, आणि हसत आली.

तिथपासून मी जळायला लागलो.

लेले पन्नाशीचे, एकटे. घरातही इस्त्रीचा शर्ट. डबा दिला तर धुऊन परत आणायचे. असल्या माणसाचं बायकांना फार कौतुक. तळोज्याच्या कारखान्यांतल्या यंत्रांना हुकूम लिहून द्यायचा प्रोग्राम त्यांनी बनवला होता. कामगार त्यात ओळीखाली ओळ लिहायचे, सगळी काळी अक्षरं. पाळीभर बघून डोळे शिणायचे, चूक दिसायची नाही. म्हणून लिहिता लिहिताच शब्दांना आपोआप रंग चढावा, हुकमाला निळा, आकड्याला नारिंगी, अवतरणातल्या मजकुराला लाल, अशी सोय ते करत होते. मी कसाबसा चौथीपर्यंत गेलेलो. मला हे यमुनेने समजावलं, नि ती तर शाळेतच गेली नव्हती.

"अवो, सोपं हाय," ती म्हणाली. "पनवेलच्या बाजारात सगळ्या बायकांच्या मासळीच्या पाट्या सारख्याच ना? मी माझ्या पाटीला हिरवी चिंधी बांधते. लांबून कळतं. तसंच हाय ते."

"मग चिंधीच बांध म्हणावं कॉम्प्युटरला."

"तुमाला नाय कळायचं."

लग्नापासून मी खाडीत जाळं टाकलं, तिने मासळी विकली. रंगाबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं. लेल्यांनी विचारलं. "वहिनी, डोळे मिटा. आता उघडा. पहिलं काय दिसलं?" हे त्यांचं रोजचं पालुपद. खाली मला ऐकू यायचं.

"लालच दिसला. लय अंगावर येतो, भाऊ. जरा दबवा त्याला."

एकदा टाकीतलं पाणी बघायचं निमित्त काढून मी वर गेलो. पानभर लालच लाल. लेल्यांनी कपाळावर हात मारला. "नाना, अवतरणाची एक खूण बंद करायची राहिली की पुढचं सगळं पान लाल होतं. पण बरंच आहे. निदान चूक लपत नाही." मग ते टाइप करायला लागले. एक अक्षर दाबलं की सगळं पान नव्याने रंगायचं आणि डोळ्यांपुढे लुकलुकायचं.

"एक मासा नासला तर आख्खी पाटी कशाला उपसता?" यमुना म्हणाली. "तेवढाच काढा ना."

"तेच तर जमत नाहीये, वहिनी!"

दोघं खो खो हसली. मी टाकीचं झाकण उघडलं, लावलं आणि खाली आलो. मासळीवाली नि कॉम्प्युटरवाला, एवढं हसतात कशाला? माझ्यावर हसतात का? मला एवढंच कळायला हवं होतं. यमुनेला विचारलं तर म्हणायची, "कामाचं बोलतो आमी."

मग यमुनेला ताप आला, तो उतरलाच नाही. ती गेली. लेल्यांनी खांदा दिला. माझ्यापेक्षा जास्त रडले. त्याचाही मला संताप आला. माझ्या बायकोसाठी हा कोण रडणारा?

पावसाळ्याआधी ते बहिणीकडे नाशिकला जायला निघाले. सामान बांधून झालं होतं, कॉम्प्युटर तेवढा चालू होता. मी वर गेलो आणि सरळ विचारलं, "लेले, तुम्ही दोघं हसायचात ते माझ्यावर ना?"

"कधी कधी," ते म्हणाले. माणूस खोटं बोलायचा नाही, एवढं मी मानतो.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "नाना, डोळे मिटा. उघडा. पहिलं काय दिसलं?"

"ती हिरवी ओळ."

"ती यंत्रासाठी नाही. माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप आहे. यंत्र ती सोडून पुढे जातं. मी तिला फिकट राखाडी रंग देणार होतो, नजर तिकडे जाऊच नये म्हणून. वहिनींनी देऊ दिला नाही."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, आमच्या घरात हाय की तसा एक. दिसभर बोलतो, कोण ऐकत नाय. पन तो गप बसला ना, तर घरात काय चाललंय तेच मना समजत नाय. त्याला माझ्या चिंधीचा रंग द्या." लेले चष्मा पुसायला लागले. "त्या दिवशी फार हसलो आम्ही."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मी त्यांचं खोकं रिक्षापर्यंत उचलून दिलं.

आता घरात मी गप्पच असतो, ऐकणारी नाही. तिची पाटी खुंटीला आहे. ओट्यावरून आत येताना मी डोळे मिटतो, उघडतो. पहिली ती हिरवी चिंधीच दिसते. पण तिने ते मला नाही सांगितलं, लेल्यांना सांगितलं. आणि हे डोळे मिटून बघणंही त्यांचंच.