ठिणगीशिवायचं वेल्डिंग

दुपारी डबे उघडले की आमच्यात आधी साहेबांचा विषय निघतो, मग भाजी. सहा वर्षं मी या विभागात आहे. संतापाचे एवढे किस्से साठलेत की रिटायर होईपर्यंत पुरतील.

आम्ही ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या पत्र्याला जोडतो. गरगर फिरणारी एक पिन सांध्यावरून दाबत न्यायची. घर्षणाने धातू वितळत नाही, कणकेसारखा मऊ होतो आणि मिसळतो. मशीनवर गौसभाई, मलकपेठचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. साहेब नवीन आले तेव्हा म्हणाले, "ठिणग्या कुठायत? फोटोत काय दिसणार?" मग शेजारी ग्राइंडर चालवून ठिणग्या उडवल्या. तो फोटो रिसेप्शनला टांगलाय. रोज येता-जाता बघावा लागतो.

*

पिन ॲल्युमिनियमच्या बाजूला ठेवायची, पोलादाला जेमतेम स्पर्श. साहेबांना पटेना. "बरोब्बर मधोमध ठेवा."

गौसभाई म्हणाले, "टूट जाती साब."

तिसऱ्या पत्र्यावर तुटली. रिपोर्टमध्ये कारण काय, तर ऑपरेटरचा निष्काळजीपणा. इंग्रजीतला मेमो गौसभाईंनी माझ्याकडून वाचून घेतला. माझा आवाज थरथरत होता. ते म्हणाले, "मॅडम, पानी पी लेव."

मेमो त्यांना, आणि पाणी मला!

*

जोडलेले तुकडे मी मशीनमध्ये ओढून तपासते. एकदा पाचातले दोन लगेच सुटले. साहेब म्हणाले, "ते दोन सोडा, सरासरी बिघडते."

"सर, हे गाडीच्या तळाला लागणार. वर माणसं बसणार."

"तुम्ही फार इमोशनल होता."

मी पाचही आकडे लिहिले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची स्टोअरमध्ये. अजून तिथेच बसते. पंखासुद्धा नाही.

*

गेल्या महिन्यात ज्यांच्यासाठी हे काम चाललंय, त्या कंपनीच्या इंजिनिअर बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गौसभाईंनी केलेला जोड हातात घेतला, वाकवून पाहिला. हलला नाही.

"कोणी केला?"

गौसभाई समोर उभे होते. साहेब म्हणाले, "मीच. माझीच पद्धत आहे."

"छान. एक आत्ता करा ना, बघते."

साहेब मशीनपाशी गेले. पॅनेलवरून दोनदा नजर फिरवली आणि ठामपणे लाल बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

गौसभाई अदबीने पुढे झाले. "वो बंद करने का है साब. मशीन बंदच है."