हन्नाबाई कानात काय सांगते?

साताऱ्यात आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. त्या देवळात एक विधवा म्हातारी सदानकदा बसलेली असायची. पांढरं लुगडं, हातात जपलेलं पवित्रशास्त्र, उपास तर काय विचारूच नका. शास्त्रात बाळ येशूला आईबाप देवळात आणतात तेव्हा तिथं हन्ना नावाची अशीच एक म्हातारी असते, ऐन तारुण्यात विधवा झालेली, देऊळ न सोडणारी. तिच्यावरून हिला सगळे हन्नाबाई म्हणायचे. खरं सांगू? मला तर शास्त्रातल्या हन्नेचाही संशय यायचा. त्याच वेळी बाळाला हातात घेणारा शिमोन म्हातारा काय बोलला ते सगळं लिहून ठेवलंय. हन्नेचे शब्द मात्र कुणीच लिहिले नाहीत. का बरं?

आमच्या हन्नाबाईचंही तेच. सव्वा महिन्यानं कुणी बाळ देवळात आणलं की ही उठायची, त्याला घ्यायची आणि कानाशी काहीतरी पुटपुटायची. विचारलं तर नुसती हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात मला पहिला मुलगा झाला. हिनं त्यालाही घेतलं, पुटपुटली, आणि आठवड्याच्या आत तो तापानं गेला. ताप होता हे मला कळत होतं हो! पण डोक्यातून ते पुटपुटणं जाईना. बाप्तिस्मा व्हायचा होता, म्हणून नावही ठेवलं नव्हतं. घरात पुन्हा कुणी त्याचा विषय काढला नाही.

पुढे कवठे महांकाळला माहेरी मुलगी झाली. नवरा न्यायला आला तेव्हा एसटीत वाटभर मी त्याला बजावलं, "त्या म्हातारीनं हात लावला तर भर देवळात तमाशा करीन." रविवारी देवळात निघताना मुलीच्या कानात कापसाचे बोळे घातले, वरून टोपडं आवळून बांधलं. म्हटलं, आता पुटपुट किती पुटपुटायचं ते!

उपासना संपली आणि ती आलीच. "आन गं हिकडं."

"न्हाई देणार," मी म्हणाले. "आधी कानात काय सांगता ते सांगा. माझं एक लेकरू गेलंय."

लोक वळून बघायला लागले. म्हातारी काही चिडली नाही.

"ह्या देवळात आली आन गेली, त्या लेकरांची नावं सांगती. नव्यांनी तरी ध्येनात ठेवावी. घरात कोन काढतंय त्यांचं नाव?"

मेलेल्या पोरांची नावं! मी मुलीला छातीशी आणखी घट्ट धरलं.

"तुझ्याच लेकराचं आडतंय बघ," ती म्हणाली. "रोज परार्थना करती, आन त्याच्यापाशी आलं की गप बसाया लागतं. नावच न्हाई. काय म्हनून हाक मारू गं त्याला?"

नाव होतं. तो पोटात असल्यापासून मी ते मनात धरलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत त्याच्याविषयी मला कुणी काहीही विचारलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

मी टोपड्याची गाठ सोडली, बोळे काढले आणि मुलगी तिच्या हातात दिली. मग म्हातारीच्या कानाशी वाकून त्याचं नाव सांगितलं.

तिनं ते मुलीला सांगितलं. या खेपेला पुटपुटली नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. दाराशी चपला घालत असलेला माझा नवरा तिथंच थांबला.